चरबी म्हनलं अन् उठले

आमच्या झाडीपट्टीत 'तुले चरबी चढली' म्हनलं का मारामारी होते. चरबी म्हंजे माज. हे त्या चिमूरच्या डाक्टरबाईले कोन सांगन? ती बिचारी बाहेरगावची. आमच्या प्रणितच्या बाबाचं रक्त तपासलं अन् म्हनली, "लटारूभाऊ, तुमच्या रक्तात चरबी लय वाढली हाय."

झालं! माहा मानूस काडीसारखा वाळका, शंकरपटाच्या शर्यतीत बैल हाकनारा. वजन कमी म्हनूनच तर बैलजोडीवाले त्याईले शोधत येत. ताडकन उठले. "मले चरबी? म्या कोनाले उलटून बोललो का कधी?" गोळ्याईची चिठ्ठी टेबलावरच सोडून आले. मी लय समजावलं, पन ऐकतीन तर कसे! दवाखान्याचं नाव काढलं का ताटावरून उठत.

मंग काई वर्षानं इसर पडाले लागला. पहिले बैलाईची नावं गेली, मंग धानाच्या बांधीची वाट. सासूबाईचंबी असंच झालं होतं. आमी म्हातारपन समजलो. चंद्रपूरच्या डाक्टरनं सांगतलं, "हे घरान्यातून उतरू शकते. त्यात रक्तातली चरबी जास्त असन तर धोका आनखी वाढते. पोराचं रक्त तपासा. गोळीनं इसर थांबनच असं नाई, पन काळीज तरी सांभाळलं जाईन."

"ह्याईनं तवाच गोळ्या घेतल्या असत्या तर?" मी इचारलं. ते म्हनले, "कोनीच सांगू शकत नाई, बाई." हे 'कोनीच सांगू शकत नाई' मले आजबी जाळते.

अन् प्रणित? बापाचीच हाडं, बापाचाच ताठा. "माय, मी सुकडा मानूस, मले काई होत नाई." नालायक कुठचा! नवरा डोळ्यासमोर असून हरवला माहा, आता पोरगाबी हरवू का?

परवा ह्याईले भात चारत होती. प्रणित बाजूलेच बसला होता. हे माह्याकडं पाहून लय मायेनं म्हनले, "बाई, तुमी दिसभर माहं करता. तुमच्या घरवाल्याले कोन जेवू घालते?"

माह्या हातातला घास तसाच राह्यला. "तो जेवला जी," म्हनलं मी. मंग चुलीपाशी जाऊन पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणितले चहा देल्ला. त्यानं कप परत केला.

"नोको माय. रक्त उपाशीपोटी द्या लागते म्हने."