आबांचा रिफ्लेक्टर

परवा उंब्रजला आबांना भेटून आलो. आबा माझे चुलते, फौजेतून रिटायर झालेले. चहा होईपर्यंत आम्ही दोघं जुनं घर आठवत बसलो...

शिराळ्याच्या वरच्या डोंगरात आमची वाडी. सुट्टीत आम्ही पोरं तिथे ओळीने झोपायचो. सकाळी घडी चुकली की आबा गोधडी उलगडून परत घालायला लावायचे.

काही वर्षांपूर्वी घरामागच्या उतारावर भेग पडली. सगळे म्हणाले, घर सोडा. आबा हलेनात. "तुजा सॅटेलाइट म्हणंल तवा बघू."

माझं काम तेच. विश्रामबागच्या ऑफिसात बसून, सॅटेलाइटच्या रडारवरून जमीन किती सरकली ते मोजायचं. पण त्या उतारावर झाडी दाट, रडारला पक्की खूण सापडेना. म्हणून तिथे तीन पत्रे कोपऱ्यासारखे जोडलेला रिफ्लेक्टर बसवला. जमीन खचली की तोही खाली जाणार, आणि ते रडारला दिसणार. राखण आबांकडे दिली.

सहा महिने रीडिंग पाहिली. उतार जागचा हलला नव्हता. आबांना फोन केला.

"मी काय म्हणत हुतो?" आबा खूश.

उन्हाळ्यात गेलो, तर रिफ्लेक्टर राखेने घासून चकचकीत. आणि त्याच्या पायांखाली चपट्या दगडांची चळत.

"हे काय, आबा?"

"खाली बसत हुता गड्या, वाकडा व्हायचा. दर रविवारी वळंबा लावून वर घ्यायचो. फौजेत असलं वाकडं चालत न्हाई."

मी वाकून चळतीला बोटं लावली. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दगडांकडे. चळत चांगली चार बोटं झाली होती.

"म्हंजे एवढा खाली गेला व्हय डोंगर?" मग दगडांवरून हात फिरवत, "आन मी त्याला उचलून धरत बसलो..."

त्याच आठवड्यात आबांनी सामान उंब्रजला हलवलं. आबा निघाले म्हणून शेजारची दोन घरंही निघाली. त्या पावसाळ्यात उतार खाली आला. घरात कोणी नव्हतं.

मी अजूनही तेच काम करतो. पण एखादी जागा फारच स्थिर दिसली, की आधी तिथे फोन लावतो... राखणीला कोण आहे, ते विचारतो.