सरांच्या अणूचे आठ रविवार

दोन फिजिक्सवाले एकत्र बसले की तिसऱ्याचा किस्सा निघतोच. मी तर परांजपे सरांच्या हाताखाली सात वर्षं डेमॉन्स्ट्रेटर होतो, तेव्हा माझ्याकडे किती साठले असतील ते विचारूच नका. आज फक्त अणूचे सांगतो.

*

लढाई संपून दोन वर्षं झाली तरी सांगलीत जो तो अणुबॉम्बवर बोलत होता. न्हाव्याच्या दुकानातसुद्धा तज्ज्ञ! सरांनी ठरवलं, अणुशक्तीची पहिली ओळख करून देणारा कोर्स काढायचा. आठ रविवार, आठ व्याख्यानं, कुणीही यावं.

पहिला आराखडा प्रिन्सिपॉलांना दाखवला. ते संस्कृतचे. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "मला यातलं अक्षर कळलं नाही. उत्तम झालंय!"

सर खोलीत आले आणि त्यांनी आराखडा फाडून टाकला.

*

दुसरा आराखडा आम्ही गावोगाव हिंडून केला. अणुभट्टी लोकांना कशी समजवायची, या विचारात सर एका गुऱ्हाळावर जाऊन बसले. काहिलीत उसाचा रस उकळत होता. सरांनी गुळव्याला विचारलं, "जाळ घालायचं काम अवघड का हो?"

गुळव्या मळी काढता काढता म्हणाला, "घालाय काय, कुणीबी घालंल. कवा मागं वढायचा, त्ये कळाय लागतं."

सरांनी तिथेच चिपाडांवर बसून चौथं व्याख्यान लिहिलं. येताना तांब्याभर काकवी मिळाली, ती वेगळीच.

*

धोक्यांचं व्याख्यान सरांनी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. ते बदललं हुसेनभाईंमुळे. हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवतात, त्या पेवांवर त्यांची हयात गेलेली. एकदा नुकतंच उघडलेलं पेव बघायला सर हौसेनं तोंडाशी वाकले, तर हुसेनभाईंनी त्यांचा कोट धरून मागे ओढलं.

"आदी कंदील सोडायचा, सर. त्यो इझला तर मानूस सोडायचा न्हाई. आत काय हाय त्ये दिसत न्हाई, पर गेल्याला मानूस वर येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी आठवं व्याख्यान पहिलं झालं.

*

त्या पहिल्या व्याख्यानानंतर तासगावकडचा दत्तू हवालदार मागे थांबला. लढाई संपल्यावर पलटणीबरोबर जपानला गेलेला, हिरोशिमाच्या ढिगाऱ्यांतून हिंडून आलेला गडी. त्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता.

"सर, मी त्या मातीत चार दिस हिंडलोय. पोराला काय व्हईल का? घरात कुनाला बोललो न्हाई."

सर म्हणाले, "मला माहीत नाही, हवालदार. आज नीट कुणालाच माहीत नाही."

मला सरांचा राग आला. एवढा शिकलेला माणूस, धीर द्यायला खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?

पण दत्तू पुढचे सातही रविवार सायकल मारत आला. शेवटी मी विचारलंच, "उत्तर मिळालं नाही, तरी येता?"

"खोटं सांगत न्हाईत, म्हून येतो," तो म्हणाला.

*

कोर्स संपला आणि थोड्याच दिवसांत दत्तूला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं. सर कुणाच्या बारशाला गेल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. पण त्या दिवशी झबलं-टोपडं घेऊन माझ्याआधी मोटारस्टँडवर हजर.

दत्तू बाहेर पंगतीचं बघत होता. आत त्याच्या आईनं बाळ सरांच्या मांडीवर ठेवलं आणि ती पाणी आणायला गेली. सर अवघडून बसले. मग हळूच त्यांनी दुपट्यात हात घातला. बाळाचं एकेक बोट चाचपत होते, ओठ हलत होते. आधी हातांचं, मग पायांचं.

पाळण्याशी बसलेली दत्तूची बायको हे बघत होती. बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, "ईसच्या ईस हायती, सर. ह्येंनी सकाळधरनं चारदा मोजल्याती. मला कळत न्हाई, असं वाटतंय त्यास्नी."