ढगातली सावड

एसटीत वारंगा फाट्यापर्यंत शेजारी बसलेली ती पोरगी हट्टा गावची, शिकाऊ वैमानिक. सांगत होती, ढगातून विमान उतरवताना जमीन दिसत नाही. वाट दाखवणारं यंत्र एका कंपनीचं, विमान आपोआप वळवणारं दुसऱ्या कंपनीचं. मधलं बटण दाबायचं राहिलं, तर दुसरं पहिल्याचं ऐकतच नाही.

"मग?"

"बोलते, काका. सावडीत शेजाऱ्याचा बैल आपल्या बैलासंगं जुंपला की बाबा दोघांना नावानं हाका मारायचे. मी बी एकेका यंत्राला बोट लावून मोठ्यानं त्याचं नाव घेते, म्हणजे बटण राहत नाही. सर हसतात. हसू द्या."

आमच्याकडची सावड कधीच मोडली. वडिलांनी आमच्या पवळ्या बैलाला मारलेली हाकसुद्धा मी विसरलो होतो. आता ढगाआड विमानाची घरघर आली की थांबतो. वाटतं, वर कुणीतरी बैलांशी बोलून राहिलंय.