हेडसरांचा मोतीबिंदू

आजाराला पुढची तारीख देणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी त्याच्या हाताखाली वीस वर्षं नोकरी केली. आमच्या हेडसरांकडे दुखणी यायची ती कोर्टात आल्यासारखी हात जोडून, आणि तारीख घेऊन निमूट परत जायची. तारीख एकच, रिटायर झाल्यावर. गुडघा, हर्निया, दाढ, सगळ्यांना तीच. दाढ ठणकली की सर लवंग दाबून परिपाठाला उभे राहायचे. आमच्या शाळेची प्रार्थना कित्येक वर्षं लवंगेच्या वासाची होती. अंगात ताप असला की दहावीला प्रमेय जास्तच जोरात शिकवायचे. मी आठ दिवस टायफॉइडची रजा काढली तेव्हा मला म्हणाले, "बाई, तुम्हाला आजारी पडायला वेळ मिळतो, नशीबवान आहात." आणि मी, मूर्ख, लाजले. पुढे वर्षभर रजा न घेता खोकत शिकवलं आणि ते मोठेपणाचं लक्षण समजले.

सरांची रेवदंड्याजवळ वाडी होती, नारळ-सुपारीची आणि थोड्या आंब्यांची. पण नोकरीपायी ती त्यांनी दिवसाउजेडी पाहिली फक्त रविवारी. रिटायर झाल्यावर त्यांना एकच गोष्ट करायची होती, स्वतःच्या हाताने आंब्याची कलमं बांधायची. स्टाफरूममध्ये खडूवर ब्लेडने तिरका छेद घेऊन ते आम्हाला दाखवत, साल सालीला कशी भिडली पाहिजे ते. आंब्याच्या दिवसांत प्रयोगशाळेच्या कपाटामागे गवतात अढी घातलेली असे. कोणी घाईने फळाला हात लावला की सर म्हणत, "पिकू दे." पुढेपुढे मुलांच्या चुकांना, बदलीच्या अर्जांना, सगळ्यालाच ते हे म्हणू लागले.

निवृत्तीला पाच वर्षं असताना संमेलनाच्या संध्याकाळी ते मला म्हणाले, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, छान वाटतं. मग ते दाराच्या चौकटींना खांदा मारू लागले. आमचा शिपाई मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, सरांना समोरचं दिसतं, बाजूचं दिसत न्हाय. डॉक्टरला दाखवाया पायजे." तेव्हाची मी कोण होते हे सांगायला हवं. कडक इस्त्रीची साडी, हातात छडीऐवजी परीक्षानळी, आणि साऱ्या तालुक्यात विज्ञान आपल्यालाच येतं अशी खात्री. मी त्याला विचारलं, तू सायन्स कुठवर शिकलास? तो घंटा द्यायला निघून गेला. आणि मी सरांना जाऊन सांगितलं, मोतीबिंदू असणार, तो पिकल्याशिवाय काढत नाहीत, माझ्या सासऱ्यांचा चांगला चार वर्षं पिकवला होता. वाडीवाल्या माणसाला याहून पटणारं काय सांगणार? सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे अढीतच आहे म्हणा," ते म्हणाले.

दर जानेवारीत आमच्याच शाळेत डोळे तपासणीचं शिबिर भरायचं. म्हाताऱ्यांच्या रांगा सर लावायचे, नावं मी लिहायचे. पाच वर्षं सर त्या तपासणीच्या खुर्चीला पाठ करून उभे राहिले. एकदा डॉक्टरच म्हणाले, सर, तुम्हीही बसा. मीच हसून उत्तर दिलं, त्यांचा अजून कच्चा आहे.

निरोपसमारंभ शनिवारी झाला आणि सोमवारी सर अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. तो मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. सरांनी विचारलं, पिकलाय का? तरुण डॉक्टर म्हणाला, "आजोबा, हे पिकत नाही. हे जातं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखायचं." अठ्ठावन्नाव्या वर्षी आजोबा झाले ते असे.

आता त्यांना वेळूच्या नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. कलमं बांधायला बसले तर पहिल्याच दिवशी अंगठा कापला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, चाकू लपवला. रस्त्यात बाजूने गेलेल्या माणसाला ते ओळख देत नाहीत, म्हणून गावात बोललं जातं की रिटायर झाल्यावर सरांना शिष्टपणा आला.

दोन वर्षं मी त्यांच्या घराची वाट टाळली. मग एकदा गेले आणि म्हटलं, "सर, पिकू दे असं मी सांगितलं होतं तुम्हाला."

ते म्हणाले, "बाई, खरं कळलं असतं तर रजा काढावी लागली असती. मला जे ऐकायचं होतं तेच तुम्ही सांगितलंत. तुम्ही नसतात तर मी दुसरं कोणी गाठलं असतं."

ही क्षमा होती की माझ्या विज्ञानाचा निकाल, ते मला अजून कळलेलं नाही. त्यांच्या शब्दाने माझं ओझं उतरलंही नाही, आणि तसं ते उतरूही नये.

हल्ली संध्याकाळी मी त्यांना खाडीच्या रस्त्याने फिरवून आणते. मी शेजारी चालते, म्हणजे नेमकी त्यांना दिसत नाही तिथे. चार पावलं गेली की ते समोर पाहतच विचारतात, "बाई, आहात ना?"

"आहे, सर."

"मग बोलत राहा."

मी बोलत राहते. नातवंडांच्या खोड्या, सुपारीचा भाव, सुनेची आमटी. विज्ञान सोडून काहीही.