बासष्ट शंकू घेऊन धारला

धारला जायचं ठरलं ते जिन्याखालच्या शंकूंमुळे.

रस्त्याचं काम चालू असलं की ठेवतात तसले, नारिंगी, गुडघ्याएवढे बासष्ट शंकू. एकात एक घालून पाच उतरंडी केलेल्या. दोन वर्षं ते आमच्या देवासच्या घरात जिन्याखाली होते. झाडताना रोज हात लागायचा. तरुण मंडळी त्यांना कोन म्हणतात. हे शंकू म्हणायचे, म्हणून मीही म्हणते. हे, म्हणजे माझे यजमान. येत्या संक्रांतीला त्यांना जाऊन दोन वर्षं होतील.

ऑटोक्रॉस ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोकळ्या मैदानात शंकू मांडून वळणावळणाची वाट तयार करतात. त्या वाटेनं एका वेळी एकच गाडी जाते. शर्यत घड्याळाशी असते, शेजारच्या गाडीशी नाही. गाडी साधी, घरची. शंकू पडला किंवा जागेवरून हलला, तर वेळेत दोन सेकंद वाढतात. जागा कळावी म्हणून प्रत्येक शंकूभोवती चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखतात. शंकू सरकूनही उभा असेल आणि रेघेला टेकला तरी ती ओलांडून बाहेर गेला नसेल तर माफ.

यांनी आणि धारच्या विलासरावांनी यात संघांची स्पर्धा काढली, देवास विरुद्ध धार. संघात तिघं. प्रत्येकाला तीन फेऱ्या, त्यातली चांगली वेळ धरायची आणि तिघांची बेरीज करायची. दोन नियम खास यांचे. एक संघ गाडी चालवत असताना दुसऱ्यानं मैदानात उभं राहून शंकू बघायचे, म्हणजे प्रतिस्पर्धीच दंडाचं निशाण दाखवणार. आणि ढाल जिंकणाऱ्याला, पण जो संघ हरेल, त्यानं शंकू घरी न्यायचे, वर्षभर सांभाळायचे आणि पुढच्या वर्षी मैदानावर आणायचे.

मागच्या वेळी देवास हरलं. शेवटच्या शंकूवरून माझे दीर श्रीधरभाऊजी आणि धारवाले इतके भांडले की जेवणं तशीच राहिली. हे भाऊजींशी पंधरा दिवस बोलले नाहीत. मग बोलू लागले, आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी हे गेले. मधलं एक वर्ष कुणी स्पर्धेचं नावही काढलं नाही.

दिवाळीनंतर विलासरावांचा फोन आला.

"वहिनी, यंदा एकदा करून बघू. पुन्हा तसंच भांडण झालं तर बंद. इंदूरवाले बोलावताहेतच, ज्याला हौस त्यानं तिकडे एकेकट्यानं नाव द्यावं."

"आणि शंकू?"

"देऊन टाकू कुणाला तरी. पण यंदा पंच तुम्ही. तुमचा शब्द दोन्हीकडे मानतील."

"मला गाडी चालवता येत नाही, विलासराव."

"नियम तर येतात ना?"

ते येत होते. मी शाळेत नववीपर्यंतच गेले. पुढचं सगळं हाताला लागेल ते वाचून. यांचे नियम चार पानी आहेत, मराठीत, आणि त्यांची चांगल्या अक्षरातली प्रत मीच केलेली. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, एका भांडणानं यांचं एवढं काम संपणार असेल, तर ते निदान माझ्या डोळ्यांसमोर संपू दे.

शनिवार

भाऊजींच्या जुन्या आठशे सीसीच्या गाडीत मागची सीट पाडली तरी बासष्ट शंकू जेमतेम मावले. पायाशी चुन्याची गोणी, मांडीवर दशम्यांचा डबा. देवासहून धार शंभर किलोमीटरच्या आसपास. इंदूरच्या आत शिरू नका, वेळ आणि डोकं दोन्ही जातं. बायपासनं राऊ, तिथून पीथमपूरच्या कारखान्यांजवळून घाटाबिल्लोद आणि पुढे सरळ धार. रस्ता चांगला आहे, फक्त पीथमपूरला ट्रकांच्या मागे धीर धरावा लागतो. थांबत थांबत अडीच-तीन तास.

टोलनाक्यावरच्या माणसानं काचेतून आत पाहिलं.

"काय भिया, सड़क बना रहे हो क्या?"

"नहीं भिया," भाऊजी म्हणाले, "बिगाड़ने जा रहे हैं।"

तो हसला. भाऊजी मात्र हसले नाहीत. एरवी हा माणूस दोन तास एकटा बोलू शकतो. वाटेत मी विचारलं, "बरं नाही का?"

"बरा आहे. वहिनी, उद्या मी भांडणार नाही."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुम्ही नाही म्हटलं. मी स्वतःलाच सांगतोय."

घाटाबिल्लोदला पोहे खाल्ले, वीस रुपयांना कागदभर. वर बारीक शेव आणि जिरावण, आमच्या माळव्यातला तो आंबटतिखट मसाला. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना पोह्यांबरोबर जिलबी विचित्र वाटते. एकदा खा, मग बोला. पुढे दोन्ही बाजूंना गव्हाची हिरवी शेतं आणि हरभरा. डिसेंबरात माळवा दिसतो तसा इतर वेळी दिसत नाही. याच रस्त्यानं मी यांच्याबरोबर पाच वेळा गेले होते. कुठल्या वळणावर हे काय म्हणतील ते मला ठाऊक होतं. ती वळणं आली आणि गेली.

धारला बसस्टँडजवळ लॉज घेतलं. खोली आठशे रुपये, गरम पाणी सकाळी सात ते नऊ. वेळ असेल तर किल्ल्यावर जा, चढ फार नाही आणि वरून गाव चांगलं दिसतं. मांडू बघायचं असेल तर आणखी एक दिवस हाताशी ठेवा. आम्ही कुठेच गेलो नाही. विलासरावांकडे दालबाफले होते, तुपात बुडवलेले कणकेचे गोळे आणि डाळ, आणि दालबाफले खाल्ल्यावर माणूस कुठेही जात नाही.

रविवार

गावाबाहेर बंद पडलेल्या एका जिनिंग कारखान्याचं आवार, हेच मैदान. कापसाचे ढीग टाकण्यासाठी पूर्वी सिमेंट केलेलं. आम्ही सातला पोचलो. धारवाले आधीच झाडत होते.

विलासरावांनी वाट मांडली. आता चौकोन आखायचे. दर वेळी चौकोन आमचे हे आखायचे, पाठीत वाकून, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. सगळे थांबले. मी फक्कीचा डबा उचलला.

घरी दारात रांगोळी काढणं मी दोन वर्षांपूर्वी सोडलं. कुणी मनाई केली नव्हती. हातच जात नव्हता. पहिले दोन-तीन चौकोन हळू काढले, मग बोटं सरावली. बासष्ट चौकोन काढायला दीड तास लागला. उठले तेव्हा गुडघे बोलत होते, पण बरं वाटत होतं.

मग नियम वाचले. धारच्या संघात यंदा मृणाल नावाची एक मुलगी नवी होती, शाळेत शिक्षिका. खांद्यावर धारजवळच्या बाग गावच्या छापाची लाल-काळी ओढणी. घर मराठी, शिक्षण सगळं हिंदीतून.

"काकू, मला मराठी बोलता येतं, पण वाचायला बहुत टाइम लगता है," ती म्हणाली. "तुम्ही वाचा ना."

मी मोठ्यानं वाचलं. सहावा नियम असा: फेऱ्या सुरू होण्याआधी दोन्ही संघांनी वाटेवरून पायी फिरून रेघा बघाव्यात. हरकत असेल तर तेव्हाच सांगावी. एकदा मान्य केलेल्या रेघेबद्दल नंतर तक्रार चालणार नाही.

दोन्ही संघ फिरायला निघाले. भाऊजी एका शंकूपाशी उकिडवे बसले, बोटं जमिनीला लावली, मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी हाताची फक्की पदराला पुसत होते. ते उठले. "चला, छान आहे," म्हणाले.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. आवाज टायरांचा आणि टाळ्यांचा. भाऊजी फेरीला निघाले तसा एक धारवाला निशाण हातात घेऊन ओरडला, "दादा, हाथ हल्का रखो, गाड़ी तुमसे उमर में बड़ी है!" भाऊजींची फेरी सुंदर झाली. एकही शंकू हलला नाही. आमचे इतर दोघंही चांगले गेले.

शेवटची फेरी मृणालची. धारच्या बाकी दोघांच्या वेळा आल्या होत्या. तिनं बावन्न सेकंदांच्या आत यायचं, तरच धार जिंकणार. आधीच्या दोन्ही फेऱ्यांत ती त्रेपन्नच्या वर होती.

तिनं ओढणी काढून विलासरावांकडे दिली आणि निघाली. पहिली वळणं तिनं इतकी जवळून घेतली की आमचे लोकही गप्प झाले. शेवटच्या वळणावर मागच्या चाकाचा धक्का शंकूला लागला. शंकू डुलला, सरकला, उभा राहिला. घड्याळावर एकावन्न सेकंद आणि वर थोडं.

त्या शंकूपाशी भाऊजी उभे होते. त्यांनी लाल निशाण वर केलं.

धारवाले धावले. "कशाचं निशाण? उभा आहे तो!"

"सरकलाय. डोळ्यांनी बघितलं मी."

"पिछली बार भी तुमने डोळ्यांनीच बघितलं होतं!"

"मागचं काढू नका, भिया!"

आवाज चढले. कुणीतरी कुणाचा हात झटकला. विलासराव मध्ये न पडता माझ्याकडे बघत राहिले. मी चालत गेले. पन्नास पावलं असतील. तेवढ्यात एकच गोष्ट मनात होती, की यांनी उभं केलेलं या पन्नास पावलांत संपतंय.

मी वाकून पाहिलं. शंकू तीन बोटं सरकला होता. त्याची एक कड रेघेवर होती, पलीकडे नव्हती.

"भाऊजी, शंकू रेघेला टेकलाय का बाहेर गेलाय?"

"टेकलाय. पण वहिनी, ती रेघच..." ते थांबले.

"रेघेचं काय?"

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग निशाण खाली केलं.

"काही नाही. टेकलाय. माफ."

"मग दंड नाही," मी म्हटलं. "धार जिंकलं."

मृणाल गाडीतून उतरून रडतच होती. धारवाल्यांनी तिला उचललं. भाऊजींनी जाऊन विलासरावांशी हात मिळवला आणि पाणी प्यायला निघून गेले.

माझ्या लक्षात आलं ते शंकू उचलताना. शंकू गेले आणि सिमेंटवर बासष्ट पांढरे चौकोन राहिले. पंगत उठल्यावर, पाट उचलल्यावर दिसते, तशी ती रांगोळी दिसत होती. तशीच, कारण मी तशीच काढली होती. पाटाभोवती काढतात तशी, दोन बोटं मोकळी सोडून. यांची रेघ शंकूला खेटून असायची. खेटून असती तर शेवटचा शंकू बाहेर गेला असता, दोन सेकंद लागले असते आणि देवास जिंकलं असतं.

मी विलासरावांना तिथेच सांगितलं, चूक माझी झाली.

त्यांनी चौकोनाकडे पाहिलं, डोकं खाजवलं. "दोन्ही संघ फिरून आले होते, वहिनी. सहावा नियम तुम्हीच वाचलात. रेघ सगळ्यांना सारखीच मोकळी होती." मग जरा हसून म्हणाले, "तरी श्रीधरला ढाल हवी असेल तर नेऊ दे."

भाऊजी गाडीत शंकू कोंबत होते. "ढाल नको," ते तिथूनच ओरडले. "शंकू आमच्याकडे. नियम म्हणजे नियम."

परतीला उन्हं उतरत होती. राऊच्या अलीकडे गराडू घेतले, थंडीतच मिळतो हा कंद, तळून वर जिरावण आणि लिंबू. चाळीस रुपयांत दोघांचं झालं. गाडीच्या बॉनेटवर द्रोण ठेवून खाताना मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही काहीतरी म्हणत होतात. रेघेबद्दल."

"सकाळीच दिसलं होतं. बोटं लावून बघितली. दोन बोटं सगळीकडे."

"मग सकाळीच बोलायचं! नियमात होतं."

त्यांनी एक तुकडा खाल्ला. दुसरा उचलून परत ठेवला.

"वहिनी, दोन वर्षांत तुमच्या हातात फक्की नाही, रांगोळी नाही, मी रोज दारावरून जातो, बघतो. आज दीड तास तुम्ही मान खाली घालून बसला होतात. त्यात मी काय सांगणार होतो, पुसा म्हणून?"

मी द्रोण त्यांच्याकडे सरकवला.

"आणि दादा असता," ते म्हणाले, "तर त्यानंही तेच केलं असतं."

"नाही," मी म्हटलं. "त्यांनी बासष्टच्या बासष्ट पुसायला लावले असते."

भाऊजी इतके हसले की गराडूवाल्यानं वळून पाहिलं. मीही हसले.

घरी

घरी पोचलो तेव्हा टेकडीवर देवीचे दिवे लागलेले. शंकू पुन्हा जिन्याखाली गेले, पाच उतरंडी. जाताना मनाच्या एका कोपऱ्यात होतं की ते धारलाच राहिले तर जिना मोकळा होईल. आता ते वर्षभर इथेच आहेत, झाडताना हात लागेलच. मला त्याचं वाईट वाटलं नाही. हे नाहीत ते नाहीतच, ते धारला जाऊन बदलत नाही. पण एका चौकोनावरून तुटणारी गोष्ट तुटली नाही, आणि ती माझ्या चुकीच्या चौकोनावर टिकली, हे यांना सांगायला मिळालं असतं तर बरं होतं.

सोमवारी सकाळी एक शंकू अंगणात नेऊन ठेवला. डब्यात फक्की उरली होती.

शेजारच्या सुमनताई फाटकातून म्हणाल्या, "अगंबाई, रांगोळी काढताय?"

"नाही हो, रेघ खेटून काढायला शिकतेय."

पहिले दोन चौकोन सुटे पडले. ते पुसले. तिसरा जमला.