अजून पूर्ण बधिर नाही

परदेशातल्या शिवणकामाच्या कारखान्यात तिला सगळे येसबाई म्हणत. साहेबांनी इंग्रजीतून काहीही विचारलं की ही मान डोलावून "येस" म्हणून मोकळी. एकदा "काम सोडतेस का?" यालाही येस म्हणाली, आणि सकाळी बघते तर मशीनवर दुसरीच! घोटाळा निस्तरून मशीन परत मिळालं, तेव्हा ती स्वतःच पोट धरून हसली होती.

पण मशीनची सुई मोडून तर्जनीत घुसली, त्या दुपारी हसू पार पळालं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई फक्त इंग्रजी बोलणाऱ्या. सोबत आलेल्या, इंग्रजी येणाऱ्या सुनेला दाराबाहेरच थांबवलं. बोटाच्या मुळाशी इंजेक्शन दिलं, जरा वेळाने चिमट्याने टोचून विचारलं, "नम?" बधिर झालं का, असं विचारतायत एवढं तिला उमगलं.

टोचलेलं कळत होतं. मघाइतकं नाही, पण कळत होतं. नो म्हणावं तर तेही खरं नाही. येस म्हणावं तर कापतील. सवयीने तोंडातून निघालंच, "येस."

डॉक्टरीणबाईंनी चाकू उचलला. मधलं काहीतरी सांगायचं होतं, आणि मधला शब्दच जवळ नव्हता. पातं कातडीला टेकलं तशी ती किंचाळली, "नो! येस... नो!"

"रिलॅक्स," म्हणत नर्सने तिचा दंड दाबून धरला. आता या दोघी धरूनच कापणार! आणि कुठून कोण जाणे, कारखान्यात कॉलर तपासणारी बाई रोज म्हणते ते आठवलं: लिटल टाइट, लिटल लूज.

"लिटल!" ती ओरडली. "लिटल नम! नॉट फुल!"

चाकू थांबला. "पार्टली?"

हा शब्द तिला ठाऊक नव्हता. यावेळी मात्र येस म्हणायची तिची छाती झाली नाही. "लिटल," तिने पुन्हा सांगितलं.

दुसरं इंजेक्शन दिलं. बोट लाकडासारखं झालं, तरी तिने दोनदा टोचून घेतलं, मगच मान हलवली. सुई निघाली.

बाहेर सुनेने विचारलं, "आई, फार दुखलं का?"

"दुखलं नाही गं. पण भ्याले, ते काही विचारू नकोस." "ते थोडंसं, जवळजवळ, तितकंसं नाही... असलं सगळं इंग्रजीत शिकव बाई मला. आजच."

बोट भरलं, टोक जरासं ताठ राहिलं. ती कामावर परतली, पण मशीन सुरू झालं की कितीतरी दिवस हात आपोआप मागे यायचा.