ताऊसने स्मिनाला सांगायचं ठेवलं होतं

माझी बहीण ताऊस सकाळी कॉफी पिता पिता ठरवायची की आज कोणाला सांगायचं. म्हणजे येशूबद्दल. लोक ठरवतात आज बाजारातून काय आणायचं, तसं. मग दिवसभर बाकीची कामं त्याच्या मागे. मी तिचा धाकटा भाऊ मेझियान. ती जाऊन दोन महिने झाले. आमच्या मंडळीतले वडीलधारे दा बुसाद म्हणले, तुझ्या बहिणीचं लिहून दे, नाहीतर विसरलं जाईल. मी सहावीपर्यंतच शिकलोय. बोलतो तसं लिहितो.

ताई झगे शिवायची. लग्नाचे, रंगीत पट्ट्यांचे, आमच्या डोंगरात बायका घालतात ते. चार गावांतून बायका यायच्या. ताई म्हणायची, माप घेताना बाई हलू शकत नाही, तेवढ्यात सांगून घ्यायचं. बायकाही तयारच असायच्या. एक म्हणायची, "ताऊसबाई, आज छातीचं माप आहे का आत्म्याचं?" ताई म्हणायची, "दोन्ही. तू जाड झालीस तेवढं मात्र खरं." हसायच्या. कोणी ऐकायच्या, कोणी नाही. दोघीतिघी आज आमच्यात बसतात. सरकारने प्रार्थनाघराला सील ठोकल्यापासून आम्ही दा बुसादच्या कोठारात जमतो.

पण झगा कबूल केलेल्या दिवशी तयार असायचाच. ताप असला तरी. मी म्हणायचो, ताई, एक दिवस उशीर झाला तर काय आभाळ कोसळतं? ती म्हणायची, "उशीर झाला की ती बाई म्हणेल, येशूवाली खोटं बोलते. मग माझं बाकीचं कोण ऐकेल?"

मी तसा नाही. मी मानतो, बसतो, गातो. पण तोंड उघडून कोणाला सांगितलं नव्हतं कधी. माझं दुकान प्लंबिंगच्या सामानाचं. नळ मागायला आलेल्याला नळ द्यायचा, एवढंच.

मागच्या उन्हाळ्यात ताईचा खोकला वाढला. शहरातल्या डॉक्टरने फोटो काढले आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की वसंतापर्यंत जगली तर खूप. तिला मी सांगायच्या आधीच तिला कळलं होतं. गाडीत म्हणली, "मेझियान, एक जण राहिलीय."

मी विचारलं नाही कोण. शेजारची स्मिना. आमचं दार आणि तिचं दार यात आठ पावलं.

आमची पाच ऑलिव्हची झाडं स्मिनाच्या जमिनीत आहेत. झाडं आमची, जमीन त्यांची. आजोबांच्या वेळेपासून असंच, डोंगरात पुष्कळांचं असं असतं. ताई विधवा होऊन माहेरी आली तेव्हा वडलांनी ती झाडं तिच्या नावाने केली. अकरा वर्षांपूर्वी स्मिनाच्या मुलाने एका झाडाची मोठी फांदी तोडली. खाली त्याच्या शेंगांवर सावली पडते म्हणून. ताई तेव्हा येशूची होऊन सात वर्षं झाली होती, तरी पाणवठ्यावर सगळ्यांसमोर स्मिनाला नको ते बोलली. तिच्या मुलाच्या जन्मावरून बोलली. तेव्हापासून बोलणं बंद. अकरा वर्षं आठ पावलांवर राहून दोघी एकमेकींच्या डोक्यावरून बघायच्या.

ताई म्हणायची, चार गावांना सांगितलं आणि शेजारणीला नाही, मी वर जाऊन काय तोंड दाखवू. झोपेत पण तेच.

मग तिने एक केलं, मला न विचारता. अमीनला, म्हणजे आमच्या गावच्या मुख्याला, घरी बोलावलं आणि सांगितलं की पाचही झाडं मी स्मिनाला देते. मला अमीनकडूनच कळलं. मी चिडलो. वर्षाचं तेल त्या झाडांवर. ताई म्हणली, "भांडण झाडाचं आहे. झाडच गेलं की भांडण गेलं. मग मी तिच्याकडे जाऊन बसेन आणि सांगेन."

तिसऱ्या दिवशी पाणवठ्यावर स्मिना मोठ्याने बोलली. माझी बायको तिथे होती, तिने येऊन जसंच्या तसं सांगितलं. स्मिना म्हणली, "ऐकलंत का? ताऊस मला विकत घेतेय. शहरात म्हणे येशूचं व्हायला ते लोक व्हिसा देतात. मला पाच झाडं, त्यातलं एक लुळं. बायांनो, मी स्वस्तात गेले!" सगळ्या हसल्या.

बायकोने हे सांगितलं तेव्हा ताई कापडावर खडूने खुणा करत होती. तिने खडू खाली ठेवला. आमच्याबद्दल सगळीकडे हेच बोलतात, की पैसे घेऊन झाले. ताईला कोणी कधी एक सुई दिली नव्हती. आणि आता तिने स्वतःच्या हाताने त्या बोलण्याला झाडं दिली. आता ती स्मिनाला येशूचं काहीही बोलली तरी त्याची किंमत पाच झाडं.

दुपारी तिने कापड गुंडाळून ठेवलं. मग म्हणली, "झाडं परत घ्यायची."

"ताई, दिलेलं परत? गाव थुंकेल."

"थुंकू दे. मी चुकले. माफी मागायच्या जागी मी झाडं पुढे केली. तू बैठकीत जा."

आमच्या गावच्या बैठकीत बाया बसत नाहीत, म्हणून मी गेलो. उभा राहिलो आणि म्हणलो की माझी बहीण झाडं परत मागते. अमीन म्हणले, "मेझियान, दिलेलं परत मागतात ती दुधाचे दात न पडलेली पोरं. तुझ्या बहिणीचे दात पडले का?" सगळे हसले. मी म्हणलो, "ती म्हणते झाडं ताऊसचीच राहतील. आणि अकरा वर्षांपूर्वी पाणवठ्यावर ती जे बोलली ते खोटं होतं, पाप होतं, त्याची ती स्मिनाची आणि तिच्या मुलाची सगळ्या गावासमोर माफी मागते. फांदीचा राग गेला. बदल्यात काही नको." मग कोणी हसलं नाही. स्मिनाचा मुलगा दाराशी बसला होता. तो उठून बाहेर गेला.

त्याच संध्याकाळी स्मिना आपल्या गच्चीवरून ओरडली, "ताऊस! येडी झालीस का गं? आज देते, उद्या घेते!"

ताई अंगणातून म्हणली, "हो, झाले."

"झाडाखाली माझ्या शेंगा आहेत, पाय पडला तर बघ!"

"नाही पडणार."

अकरा वर्षांत पहिलं बोलणं ते. ताई घरात आली आणि मला म्हणली, ऐकलंस? मी म्हणलो, शिव्याच दिल्या की तिने. ताई म्हणली, "मला दिल्या ना, भिंतीला नाही."

नोव्हेंबरात अमीनने तोडणीचा दिवस जाहीर केला. त्याच्या आधी गावात कोणी ऑलिव्हला हात लावत नाही. मी आणि बायको झाडावर, ताई खाली जाळीवर बसून पानं निवडत होती. चढायचं बळ नव्हतं. स्मिना आली. जमीन तिची, त्यामुळे यायला कारण लागत नाही. शेंगांच्या रांगेपाशी उभी राहून आमचे पाय बघत होती.

ताई म्हणली, "बस जरा, स्मिना."

"कशाला? सांगायला?"

"हो."

स्मिना कमरेवर हात ठेवून म्हणली, "सगळ्या डोंगराला सांगितलंस. त्या पोस्टातल्या बहिऱ्याला सांगितलंस. अमीनच्या सासूला सांगितलंस, ती तर कुत्र्याचंही ऐकत नाही. अकरा वर्षं मी दाराआडून बघतेय, आज येईल, उद्या येईल. मलाच नाही! माझा आत्मा काय बकरीचा आहे?"

मी फांदीवर थांबलो. ताईने हातातली पानं खाली टाकली. मग म्हणली, "चुकलं माझं. आता सांगते."

स्मिना जाळीच्या कडेला बसली आणि तीही पानं निवडायला लागली. ताईने सुरुवात केली. माझा नवरा बांधकामावरून पडला ते तुला माहीत आहे. मी दोन महिने जेवत नव्हते. मग मला भाऊ शहरात दवाखान्यात घेऊन गेला आणि बसच्या तळावर माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली. ती म्हणली, पोरी, मी तुझ्यासाठी येशूच्या नावाने मागू का. मी म्हणले, माग बाई, माझं काय जातंय. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि

इथे खोकला आला. थांबेना. जाळीवर रक्त पडलं. मी झाडावरून उतरलो, स्मिनाने तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. तिच्या मुलाची गाडी होती, त्यानेच दवाखान्यात नेलं. एकोणीस दिवसांनी ताई गेली. त्या दिवसांत तिला नीट बोलता आलं नाही. नळी होती. एकदा माझ्या हातावर तिने बोट आमच्या दारापासून स्मिनाच्या दारापर्यंत चालवल्यासारखं काही केलं, मला तेव्हा कळलं नाही. किंवा कळलं होतं.

कबर गावाने खोदली. दुःखाच्या घरी कुसकुस रांधून पाठवतात, त्याचं पहिलं ताट स्मिनाकडून आलं.

नंतर एका सकाळी मी दुकान उघडत होतो, तर स्मिना उभी. म्हणली, "मग पुढे काय झालं?"

"कशाचं?"

"म्हातारीने खांद्यावर हात ठेवला. मग?"

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. खरं सांगतो, या जागेला आलं की मी उठून कॉफी करायला जायचो. म्हणलो, "दा बुसादला पाठवतो तुमच्याकडे. ते नीट सांगतील."

"त्याला नको. तो पुस्तकातलं सांगेल. तू होतास ना तळावर?"

मी होतो. तिकीट काढायला गेलो होतो, पण होतो. दोन पाइप बाजूला सरकवून तिला स्टूल दिलं. सांगितलं की त्या वेळी काहीच झालं नाही. म्हातारी तिच्या बसने गेली. ताई घरी आली आणि तिने भाकरी मागितली. मग पुढचं वर्षभर ती शोधत होती की तो येशू कोण, ज्याच्या नावाने तिला भूक लागली. आणि मग तिला कळलं की तो तिच्यासाठी मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, आणि तिला नावाने ओळखतो. हे तिने खरं धरलं. "मी पण धरतो," मी म्हणलो. पन्नास वर्षांच्या वयात मी हे पहिल्यांदा कोणाला म्हणत होतो.

स्मिना म्हणली, "उठला म्हणजे कसा उठला?"

मला जेवढं येतं तेवढं सांगितलं. क्रम चुकला, मागे जाऊन परत सांगितलं. मध्ये एक जण वॉशर मागायला आला, त्याला म्हणलो थांब. स्मिनाने जाताना स्टूल उचलून बाजूला ठेवलं.

शुक्रवारी आम्ही जमलो तेव्हा ती दा बुसादच्या कोठारात आली. मागे बसली, दाराजवळ.